कापायचं राहिलेलं वाक्य

पहिल्याच भेटीत तिनं त्याला स्टुलावर चढवलं.

सहा वर्षं शर्टांना कॉलर लावल्यावर ती आता कामगार युनियनचं चार पानी वार्तापत्र एकटीनं काढायची. संपादक झाली, तरी सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. त्या दिवशी कचेरीचा पंखा दुरुस्त करणारा येणार होता, आणि आला हा. त्यानं निमूट पंखा जोडला, फिरवून दाखवला, अन् वरूनच म्हणाला, "मी कटिंग मास्तर. तक्रार द्यायला आलोय... खाली उतरून देऊ, की इथूनच?"

त्यांच्या कारखान्याचं मागचं दार कामाच्या वेळात कुलूपबंद असे. "पण काळजी नको," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आग लागलीच, तर तीही आमच्याबरोबर आतच अडकेल."

ती हसली. मग हसल्याची तिला लाज वाटली.

त्यानंतर तो दर रविवारी पंखा बघायला येऊ लागला. पंखा ठणठणीत होता. तरी तीच म्हणे, जरा आवाज करतोय, नाही?

कुलपाच्या बातमीतून तिनं त्याचं नाव, वय, मजला, सगळं गाळलं. आगीचं ते वाक्य मात्र... तीनदा त्यावर लाल पेन टेकवलं, तीनदा उचललं.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी मालकानं कुलूप काढलं. चौथ्या दिवशी त्याला.

"नाव नव्हतं छापलं मी," ती म्हणाली.

"नाव कशाला हवं? मालकाच्या मेव्हण्यानं ते आगीचं मोठ्यानं वाचलं, आणि अख्खा मजला माझ्याकडे वळून हसला." आता त्याला इथल्या कुठल्याच कारखान्यात कुणी दारात उभं करत नव्हतं. ताईच्या गावी निघाला होता. "एवढं सगळं कापलंस... तेवढंच का ठेवलंस?"

"आवडलं होतं."

"वाक्य?"

तिनं मान हलवली. कशी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मग चल की," तो स्टुलाकडे बघत म्हणाला.

टेबलावर दुसऱ्या कारखान्याची तक्रार पडली होती. तिथलंही दार बंद. त्यानं ती वाचली, कापडाची घालावी तशी नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. परत विचारलं नाही.

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर चौकट आली: 'गेल्या अंकातलं एक वाक्य कापायला हवं होतं. संपादकाला ते फार आवडलं, म्हणून राहिलं. माफी असावी.' हे कुणाला कळणार, असं युनियनच्या अध्यक्षकाकांनी विचारलं. एकाला कळलं तरी पुरे, असं ती म्हणाली.

एक प्रत तिनं पाकिटात घातली, डिंक लावला. वर 'कटिंग मास्तर, ताईच्या घरी' एवढं लिहून झालं... आणि पत्ता संपला.