झरीच्या टीव्हीवर विलायतेचा एक दिवस

ही घटना खरी आहे.

ती रात्री घडली नाही. अमावास्या नव्हती, पिंपळही नव्हता. नोव्हेंबर १९७९. परभणीजवळचं झरी गाव. आणि लख्ख दुपार.

घटना घडली ती दिनकररावांच्या घरी. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. छप्पन साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा घरातून देव गेले आणि त्यांच्याबरोबर भुतंही गेली, असं ते म्हणत. त्या दुपारपर्यंत दोन्हींची उणीव त्यांना कधी भासली नव्हती.

घरात दोघंच. दिनकरराव आणि त्यांची आई, चांगुणाबाई. धाकटा भाऊ बन्सीधर विलायतेत एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं. पावसाळा सुरू झाला आणि पत्रं थांबली. तार केली, तिलाही उत्तर नाही.

चांगुणाबाई रोज सकाळी एकच विचारत.

"बन्शा जिता हाय का न्हाई, येवढं सांग."

"टपालाचा घोळ आहे, माय."

हे सांगताना दिनकरराव आईकडे बघत नसत.

आदल्या वर्षी बन्सीधरनं ओळखीच्या माणसाबरोबर एक वापरलेला टीव्ही पाठवला होता. परभणीकडे अजून टीव्हीचं प्रक्षेपणच पोचत नाही, हे तो विसरला होता. चालू केला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेजारचे सटवाजी भिंतीवरून डोकावून विचारत, "मास्तर, मुंग्या मोजून झाल्या का? का हायेत आजून शिल्लक?"

पण त्या वर्षी सूर्यावर डाग फार होते. अशा काळात वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी परावर्तित होतात आणि हजारो मैलांवर जाऊन उतरतात, असं दिनकररावांनी वाचलं होतं. विलायतेच्या टीव्हीला विलायतेची वाहिनी सापडणं अशक्य नव्हतं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून छपरावर एरियल बांधला. तोंड वायव्येला.

आठवडाभर मुंग्याच.

मग त्या दुपारी… मुंग्यांतून एक घड्याळ वर आलं.

घड्याळात साडेनऊ. झरीत तीन. फरक बरोबर साडेपाच तासांचा.

"माय, इकडं ये! विलायत दिसायलीय!"

चांगुणाबाई लगबगीनं आल्या. पडद्यावर कोटातला माणूस दिसला तशी त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि लेकाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसल्या.

"तो आपल्याला बघत नाही, माय."

"तुला काय ठाव? डोळं तर इकडंच हायेत की."

कार्यक्रम एकामागून एक येत होते. शाळेच्या मुलांसाठी बेडकाचा धडा. कापडी बाहुल्यांचा खेळ. एक बाई कणकेचा गोळा लाटत होती, चांगुणाबाई म्हणाल्या, "हिला सासू न्हाई वाटतं." मग बातम्या. चित्र थरथरत होतं, आवाज लाटेसारखा चढत-उतरत होता. सगळं शास्त्राला धरून.

बातम्या संपल्या. निवेदिका काही बोलली, हसली…

आणि आवाज गेला.

चित्र मात्र राहिलं. त्याची थरथर थांबली. इतकं स्वच्छ चित्र इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं.

पडद्यावर एक खोली होती.

ना अक्षरं, ना संगीत. काचेवरून पाऊस ओघळत होता. कोपऱ्यात गॅसची शेगडी. पलंग. पलंगावर कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेलं.

"दिनू… ही माजी गोधडी हाय. बन्शाला दिल्याली."

"माय, असल्या गोधड्या…"

"विलायतंत कोण शिवतंय गोधड्या? तुज्या शाळंच्या सदऱ्याचा खिसा बघ. हाय तसाच लावला व्हता म्या."

खिसा होता… बटणासकट.

दिनकरराव पुढे वाकले. झोपलेल्या माणसाच्या छातीवर गोधडी वरखाली व्हायला हवी होती.

होत नव्हती.

बाहेर एकाएकी शांत झालं होतं. चिमण्या गप्प. सटवाजींचा दिवसभर चालणारा खोकलाही नाही. आणि बन्शा जिता आहे का, हे चांगुणाबाईंनी विचारलं नाही.

त्या पुटपुटल्या, "उठव त्याला."

"आवाज तिकडं जात नसतो, माय. लहरी इकडं येतात, तेवढंच. पाहिजे तर मार हाक. बघ."

पडद्यावरून नजर न काढता ते बोलले.

मग पाठीमागून हाक आली. मायचा आवाज.

"बन्शाऽऽ…"

पडद्यावर काही हललं नाही.

"बन्शाऽऽ, ऊठ!"

गोधडी हलली.

एक हात बाहेर आला. माणूस उठून बसला. भिंतीला धरत, पाठमोरा, दारापर्यंत गेला. चेहरा दिसला नाही. दार उघडलं. पलीकडे अंधार. तो त्यात शिरला…

खोली रिकामी.

मग मुंग्या.

दिवेलागणीपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले. पुन्हा काही दिसलं नाही. ते नाटकातलं दृश्य असावं, असं दिनकररावांनी ठरवून टाकलं. खिशाचं काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आईशी त्या विषयावर बोलणंही टाळलं.

जानेवारीत बन्सीधर घरी आला.

नुसता हाडांचा सापळा. पण जिवंत.

चुलीपुढं बसून त्यानं सांगितलं. कारखान्यातलं काम सुटलं होतं. लाजेपायी पत्र लिहिलं नाही, खोलीही बदलली. नोव्हेंबरात तापानं पडला. बाहेर पाऊस. शेगडी लावून, दार-खिडकी बंद करून झोपला. शेगडी नीट जळत नव्हती. खोलीत विषारी हवा कोंडली.

"मला काय बी कळत नव्हतं, दादा. तेवढ्यात जिन्यातून मायची हाक आली. दोनदा. म्हणलं, माय हितं कशी? दार उघडलं न् पायऱ्यांवरच पडलो. डॉक्टर म्हणला, आजून थोडा येळ त्या खोलीत ऱ्हायला असतास तर संपलं व्हतं."

दिनकररावांचे डोळे भरून आले. ते आईकडे वळले.

"ऐकलंस? तुझी हाक पोचली, माय. कशी पोचली, ते मला सांगता येत नाही."

भाकरी थापणारा हात थांबला.

"म्या कवा मारली हाक?"

"त्या दुपारी. टीव्हीपुढं. दोनदा."

"म्या न्हाई मारली, दिनू. तोंडातून शबुद निगंना. हाक तू मारलीस. तुजाच आवाज व्हता की… मागून आला."

तव्यावरची भाकरी करपली, तरी ती कुणी उलटली नाही.

हाकेनं बन्सीधरला वाचवलं, यात शंका नाही. चित्र झरीपर्यंत कसं आलं, याचं अर्धंमुर्धं उत्तर दिनकररावांकडे होतं. पण त्या दुपारी त्या दोघांच्या मागं कोण होतं, आणि त्याला बन्शाचं नाव कसं ठाऊक होतं, याचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

त्या दिवसापासून त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. जेवायला बोलवायचं असलं तरी माणूस समोर येऊन उभा राही.

तरीही कधीकधी, भर दुपारी, मागच्या खोलीतून हाक येई. ओळखीच्या आवाजात…

तिघंही आधी एकमेकांच्या ओठांकडे बघत.

ओ कुणीच देत नसे.