ओहोटीचं बंदर

रावपुऱ्यातल्या दुकानातून फ्रेम करून आणलेलं एचिंग, म्हणजे कोरीव पत्र्यावरून छापलेलं चित्र, अस्मिताने सासऱ्यांच्या पलंगासमोर टांगलं. पडून पडून कोरी भिंत बघण्यापेक्षा त्यांनी काहीतरी बरं बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. विश्वासराव अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. चित्रात कोळ्यांचं एक जुनं गाव होतं, शेजारी बंदर, ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होड्या. सगळं बारीक काळ्या रेघांचं. माणूस एकही नाही.

थोड्याच दिवसांत खोलीत मासळीचा वास येऊ लागला. वासणा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मासळी कधी शिजली नव्हती. अस्मिताचा संशय लीलाबेनवर गेला. दिवसभर सासऱ्यांना तीच सांभाळायची, त्यांना दादा म्हणायची. गुपचूप तिचा डबा उघडून पाहिला, तर थेपले नि कैरीचा गोड छुंदा. मग चादरीत ओली वाळू सापडली. अस्मिता शाळेत शिकवून परते, तेव्हा चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं असे. ती ते सरळ करी; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्यामागे या बाईचं काहीतरी चाललंय, असं तिने नवऱ्याच्याही कानावर घातलं.

शेवटी तिने लीलाबेनला समोर बसवून विचारलं.

लीलाबेनने चित्राकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "बेन, दुपारी त्यात पाणी चढतं... मग दादांना कोणी हाका मारतं. उलटं केलं की थांबतं."

अस्मिताने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती स्वतः सासऱ्यांजवळ बसली. जेवणानंतर डोळा लागला. जाग आली ती कसल्यातरी चुबुक चुबुक आवाजाने. नळ असेल, म्हणून ती उठली, आणि थबकली. चित्रातल्या होड्या चिखलातून उठून पाण्यावर डुलत होत्या. आतून, लांबून, कुणीतरी म्हणालं, "विश्वास... चल, वारा फिरला..."

तिने झडप घालून चित्र उलटं केलं. आवाज थांबला. तिने लीलाबेनला फोन लावला, चुकले म्हणाली, परत ये म्हणाली. लीलाबेनने एवढंच विचारलं,

"दादांचे हात बघितले, बेन?"

अस्मिताने सासऱ्यांची मूठ हलकेच उलगडली. उभा जन्म कचेरीत लेखणी चालवलेल्या त्या तळव्यावर जाड, जुने घट्टे पडले होते, वर्षानुवर्षं दोर ओढणाऱ्या माणसाला पडतात तसे.