बाजूने सहा हात

ही गोष्ट खरी आहे. पटवून देत बसायचा दम आता माझ्यात उरलेला नाही.

मार्च १९३१. निपाणी. भर दुपारी तीनची वेळ.

मी लोकल बोर्डाचा कारकून. अंदाजपत्रकाच्या सभेत सभासदांचे वर झालेले हात मोजायचे आणि आकडा लिहायचा. सतरा वर्षं हेच करून कंटाळलो होतो.

त्या दिवशी एक उपसूचना होती. बोर्डाच्या बंगल्याच्या डागडुजीचे सहाशे रुपये काढून कोगनोळीच्या दवाखान्यात सुईण नेमायची. ती दिली होती सभासद मारुतीरावांनी. तंबाखू पिकवणारा हट्टी माणूस.

"अण्णा, बाया मरत्यात तिकडं. एवढं पास झालं पायजे," असं माझ्या टेबलापाशी येऊन सांगून गेले होते.

त्यानंतर आठ दिवसांनी, सभेच्या आधीच, ते तापाने गेले.

माझी धाकटी बहीण विनोदिनी कोगनोळीलाच दिलेली. पाचवा महिना. दुसरं बाळंतपण, म्हणजे सासरीच होणार. उपसूचना पास व्हावी असं मला फार वाटत होतं. पण कारकुनाला मत नसतं.

मारुतीराव गेल्यावर सभासद उरले दहा. पाच बाजूने, पाच विरुद्ध, हे सगळ्यांना ठाऊक. बरोबरी झाली की अध्यक्ष हरिभाऊ वकिलांचं जादा मत विरुद्ध पडणार.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

मी मोजले.

सहा...

पुन्हा मोजले. सहाच.

मागचा बाक रिकामा होता. पण तिथून एक हात वर आला होता... तळव्याला तंबाखूचा काळा डाग.

विरुद्ध हात पाच.

"अहो, दहा माणसांचे अकरा हात कसे?" हरिभाऊ वैतागले. "नावं वाचा."

पटावर मारुतीरावांचं नाव अजून होतं. खोडायचं राहिलं होतं, माझीच चूक.

मला भीती वाटली. वाचताना मी ते नाव गाळलं.

उपसूचना पडली.

सभा उठल्यावर शिपाई भावकू जवळ आला. "अण्णा, मागनं कोन तरी सारखं 'व्हय, व्हय' म्हणत हुतं. तुम्ही नावच घेतलं न्हाईसा."

श्रावणात विनोदिनी बाळंतपणात गेली. निपाणीहून नेलेली सुईण पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढच्या मार्चला तीच उपसूचना पुन्हा आली. मारुतीरावांची जागा अजून रिकामीच. बाजूने तेच पाच जण.

मी मोजले...

सात.

मागच्या बाकावरून दोन हात. एक डागाळलेला. दुसऱ्यात हिरवा चुडा. विनोदिनीला सवाष्ण म्हणून हिरव्या चुड्यातच नेलं होतं.

"नावं वाचा," हरिभाऊ म्हणाले.

मारुतीरावांचं नाव मी वर्षभर खोडलं नव्हतं. या वेळी ते वाचलं. मागून हळूच आलं... "व्हय." तो हात खाली गेला.

चुड्याचा हात तसाच वर होता. नाव पुकारायची वाट बघत.

तिचं नाव माझ्या पटावर कुठून असणार?

मी पट मिटला. अंगात कसकस आहे म्हणून घरी गेलो, आणि नोकरी सोडली.

त्याला पंधरा वर्षं झाली. तो हात खाली गेला की नाही, मला अजून माहीत नाही.