मास्तरीणबाई घोरतात

“अगं, मला एकट्याला टाकून कुठे निघालीस तू!” हातातला कागद छातीशी धरून मास्तर हमसून हमसून रडू लागले, आणि समोर भाजी निवडत बसलेल्या मास्तरीणबाईंच्या काळजात चर्र झालं... कुठे जायचं त्यांच्या मनातही नव्हतं!

कागद झोपेच्या तपासणीचा होता. तासाला अडतीस वेळा श्वास बंद पडतो, असं त्यात लिहिलं होतं. “असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस शरीराने अकाली म्हातारा होतो,” डॉक्टर फोनवर म्हणाले होते. “मशीनचा मास्क लावून झोपायला हवं.”

मास्तर शाळेत व्यायाम शिकवत. वय चोपन्न, पण लोक आपल्याला चाळिशीचाच समजतात हे ते दिवसातून दोनदा ऐकवत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांचं घोरणं ऐकून शेजारी भांडायला आले, तेव्हा त्या अभिमानी चेहऱ्याकडे पाहून नव्या नवरीने मान खाली घातली होती. “मी घोरते.” त्या दोन शब्दांपायी बिचारीने सव्वीस वर्षं चेष्टा सोसली! त्यांचा श्वास अडकला की ही दचकून उठे, कोपराने ढोसून तो सुरू करी... आणि दिवसभर डुलक्या खात मास्तर वर तोंड करून म्हणत, “तुझ्या घोरण्याने माझी झोप होत नाही हं!”

शेवटी लेकीने आईच्या काळजीने तपासणीचं यंत्र घरी आणून दिलं. मास्तरीणबाईंनी ते मास्तरांना झोप लागल्यावर गुपचूप त्यांच्याच अंगाला बांधलं. हा माणूस आपण होऊन जन्मात डॉक्टरकडे गेला नसता!

“अहो, रडू नका,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मी नाही घोरत. कधीच नाही... तो श्वास तुमचा आहे!”

“सव्वीस वर्षं?”

“सव्वीस वर्षं.”

“मग ती कोपरं...”

“मराल म्हणून मारत होते हो!” इतकी वर्षं दाबलेला हुंदका फुटला.

मास्तर उठले. कपाटात पदकांच्या खाली दडवलेला एक कागद त्यांनी बायकोच्या हातात दिला. शिक्षकांच्या खोलीत मिरवायला म्हणून त्यांनी लॅबमध्ये रक्त तपासून आपलं शरीर किती वर्षांचं आहे ते काढून घेतलं होतं. आलं होतं सहासष्ट! लॅबवाल्यांच्या नावाने बोटं मोडून त्यांनी तो लपवला होता.

“चुकलं नव्हतं गं त्यांचं,” मास्तर म्हणाले. “मीच आंधळा...” आणि त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. घरच्या प्रत्येक लग्नात भावजयीची गादी सामानाच्या खोलीत टाकणारी ती हीच.

“ताई, घोरतो मी. ही नव्हे, मी! आणि माझं वय सहासष्ट आहे... हो, तुझ्यापेक्षा मोठा झालोय, तेव्हा आता मी सांगतो ते ऐकायचं. पुढच्या लग्नात हिची गादी सगळ्यांच्या मधोमध घाल. सामानाच्या खोलीत मी झोपेन, मास्क लावून!”

फोन ठेवून ते वळले. भाजी अर्धीच निवडून झाली होती. भिंतीला डोकं टेकून मास्तरीणबाई भरदिवसा, निर्धास्त, गाढ झोपल्या होत्या.