शहारे गुरुजींचे पासपोर्ट

"भाऊजी, घरी चोरी झाली. लवकर या जी!"

नीला शहारेंचा फोन आला तेव्हा योगराज कापगते दाढीला साबण लावून बसला होता. तो साबण पुसून तसाच निघाला. हवालदारकीतून निवृत्त झाल्यापासून चोरीचं आमंत्रण त्याला इतक्या आग्रहानं कोणी दिलं नव्हतं.

"का गेलं, वहिनी?"

"पासपोर्ट. आमचे दोघांचेही."

"दागिने?"

"जागच्या जागी आहेत."

"कपाटाचं कुलूप?"

"शाबूत. किल्लीही खुंटीवरच होती. मी काल साकोलीले बहिणीचा निरोप घ्याले गेली होती. आज कपाट उघडलं, तं नाही."

योगराजनं कपाट न्याहाळलं. चोर भलताच सज्जन दिसत होता. पाटल्यांची डबी त्यानं अदबीनं बाजूला सारली होती आणि काम झाल्यावर परत जागेवर ठेवली होती.

नवेगाव बांधचा निवृत्त माणूस आजवर फार तर गोंदियात फ्लॅट घेत असे. संघदीप शहारे गुरुजी मात्र श्रीलंकेला चालले होते, कायमचे. एकदा ते दोघं अनुराधपूरच्या यात्रेला गेले होते. येताना नीलावहिनींनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी त्या हलल्या नाहीत. "म्हातारपण इथंच काढू ना जी," त्या म्हणाल्या. यात्रेतली मंडळी हसली. गुरुजी हसले नाहीत. निवृत्तांसाठीचा व्हिसा मिळाला, तिकिटं निघाली, पुढच्या आठवड्यात विमान होतं. म्हैस शेजाऱ्याला गेली होती, मोटरसायकल पुतण्याला, भांडी ज्याला हवी त्याला. घर इतकं रिकामं झालं होतं की शिंकलं तरी घुमत होतं.

योगराजनं पहिला संशय स्वतःवर घेतला. गुरुजी गेल्यावर संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर भांडायला त्याला कोण उरणार होतं? मनातल्या मनात त्यानं स्वतःची कसून झडती घेतली. मुद्देमाल निघाला नाही, म्हणून सोडून दिलं.

गुरुजी पडवीत बसले होते. योगराज जमिनीवर बसला आणि मागच्या ढोलीला टेकला. बांबूची, शेणमातीनं लिंपलेली, तोंड गच्च बंद केलेली बियाण्याच्या धानाची ढोली. अशी ढोली फोडायची ती पेरणीलाच.

"खाली कायले बसतं? खाटेवर बस ना," गुरुजी म्हणाले.

"बरा आहो. पोलीस स्टेशनले रिपोर्ट देऊ का?"

"राहू दे."

"राहू दे? विमान चुकंल ना बे!"

"चुकू दे. नशिबात नसंल."

योगराज बघतच राहिला. नशीब वगैरे काही नसतं, हे या माणसानं वर्गावर इतक्या वेळा सांगितलं होतं की गावातली पोरं नापास झाली तरी नशिबाला दोष देत नसत.

त्यानं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी पुढे केली. "घे."

"सोडला. तिकडं भेटत नाही. आतापासून सवय करून राहिलो."

नीलावहिनींनी आग्रहानं जेवायला वाढलं. योगराजच्या ताटात भात आणि झिंग्यांची लालभडक चटणी. गुरुजींपुढे वाटीभर पातळ पेज.

"यायले आजकाल तिखट चालतच नाही," वहिनी म्हणाल्या. "तिकडचे लोक तं आपल्याहून तिखट खाते. कसं होईन यांचं, सांगा? व्हिसासाठी नागपूरच्या फेऱ्या मारू मारू पार वाळून गेले."

गुरुजी पेज पीत राहिले. "किल्ली खुंटीवर राहते, ते बाहेर एका विक्कीलेच माहीत आहे," वहिनींनी योगराजला हळूच सांगितलं. योगराजनं चटणी संपवली आणि पुतण्याकडे निघाला.

विक्की शेतात बांधावर भेटला. चोरीची बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती; योगराजला पाहताक्षणीच तो भडकला.

"काकू माझ्यावर डाऊट घेऊन राहिली का? ते गेले तं शेत मीच करतो. मी त्यायले काऊन अडवू? त्यायची बॅग मीच भरून दिली असती!"

"तापू नको बे. व्हिसाचं काम कोणी केलं?"

"मीच. सगळं मोबाईलवर."

"अन् काका नागपूरले कायले जात होते?"

"नागपूरले? व्हिसासाठी?" विक्की हसला. "तिथं का आहे?"

"बरं. पुढच्या हंगामात धान कोणतं लावतं?"

"दुकानातलं. घरचं बियाणं मी कधीच बंद केलं. काकाले माहीत आहे, त्यावरून शिव्याही खाल्ल्या. हे का? तुमच्या शर्टाले मागून का लागलं?"

योगराजनं पाठीवरून हात फिरवला. बोटांना ओलसर शेणमाती लागली.

तो बराच वेळ बांधावरच बसला. गुन्हा सापडला की चहा प्यावासा वाटे, अशी त्याची नोकरीतली सवय. आज वाटलं नाही. घरी जाऊन राहिलेली दाढी करावी, असंही एकदा मनात आलं. पण वहिनी पुतण्याला चोर समजत होत्या. शेवटी तो विक्कीला घेऊन परतला.

अंगणात ऊन होतं. गुरुजी पडवीच्या कडेला बसले होते, वहिनी दारात उभ्या होत्या.

"वहिनी, विक्कीनं नाही घेतले," योगराज म्हणाला.

तो ढोलीजवळ गेला, तोंडावरचं लिंपण मुठीनं फोडलं आणि खांद्यापर्यंत हात धानात घातला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुडी वर आली.

"म्हैस देली, गाडी देली, भांडी देली. मंग बियाणं कोणासाठी राखलं? बियाणं राखते थो माणूस, ज्याच्या घरचं कोणी पुढच्या पावसाळ्यात इथंच राहणार आहे. विक्कीले नको. तुम्ही तं समुद्राकाठी जाणार. तरीही ढोली लिंपली. अन् लिंपली ती काल, माती अजून वाळली नाही. काल तुम्ही साकोलीले. घरी एकच माणूस होता."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही? काऊन जी?"



"संघदीप, तू सांगतं का मी सांगू?" योगराजचा आवाज खाली आला. "तिकडं भेटत नाही म्हणून खर्रा सोडला, असं तू म्हणतं. पण जाणार तं तू नव्हताच. तिखट सुटलं, भात सुटला, पेजेवर आला. नागपूरले व्हिसाचं काम नव्हतं. मंग नागपुरात असं कोणतं दार आहे, जिथून माणूस घरी येऊन बायकोले खोटं सांगते?"

गुरुजींनी हातानं गाल दाबला.

"गालाच्या आतून गाठ आहे," ते हळू म्हणाले. "तिकिटं काढल्यावर पक्कं कळलं. डॉक्टर म्हणते, उशीर झाला. तिथं मी गेलो तं तू एकटी. ना भाषा, ना माणूस. इथं घर आहे, विक्की आहे. घरात बियाणं असलं की तू पेरशीन, तेवढं मले माहीत आहे."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू मुकाट्यानं समुद्र सोडला असता. अन् माझ्यावर चिडलीही नसती."  बोलताना त्यांचे ओठ पुरते हलत नव्हते, हे आता सगळ्यांनाच दिसलं. "म्हटलं, चोरानं नेलं असं होऊ दे. निदान शिव्या द्याले तुले कोणी राहीन."

योगराजनं पुडी पुढे केली. वहिनींनी ती घेतली नाही. त्या गुरुजींसमोर येऊन उकिडव्या बसल्या, त्यांची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे वळवलं.

"उघडा."

"नीला, पोरगं उभं आहे..."

"उघडा म्हणते ना!"

गुरुजींनी तोंड उघडलं. जेवढं उघडलं त्यात चहाचा चमचाही आडवा गेला नसता. वहिनी वाकून आत पाहत राहिल्या. विक्कीनं मान फिरवली. योगराजनं नोकरीत तळ्यातून माणसं काढली होती, रुळावरून गोळा केली होती. तो आता समोरच्या भिंतीचा पोपडा फार लक्ष देऊन पाहू लागला.

"दुखते?" वहिनींनी विचारलं.

गुरुजींनी तोंड न मिटताच मान हलवली. हो. इतके दिवस हा प्रश्न त्यांना कोणी विचारू नये म्हणूनच त्यांची सगळी धडपड चालली होती. आता विचारल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

वहिनींनी हनुवटीवरचा हात काढला नाही.