जाईची पट्टी

आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे कोपरखैरण्यातल्या एका रो-हाऊसचा तळमजला. खिडक्या बुजवलेल्या, त्यामुळे भर दुपारीही आत अंधार आणि जुन्या फोमचा कोंदट वास. माझं काम गाण्यांतले श्वास कापायचं. ओळीआधी गायक श्वास घेतो, तो ऐकणाऱ्याला खुपतो. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्या कानाशी येणारे श्वास तेवढेच.

निशांतदादा जुन्या प्रेमगीतांचा अल्बम करायला आले, ते नेहमीसारखे हातात डबा घेऊन. पन्नाशी उलटलेली, आवाज मात्र सायीसारखा. सगळी द्वंद्वगीतं. त्यांच्या जोडीला गाणारी त्यांची बायको, जाई, गेल्या वर्षी वारली. तिच्या ओळींची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती.

"दुसरी सिंगर बोलवू या ना, दादा."

"नको गं. राहू दे जागा. मला तिलाच ऐकायचंय... एकदा."

ऑर्केस्ट्राच्या दिवसांत दोघांत मिळून एकच माइक असायचा. तिची ओळ आली की दादा बाजूला सरकायचे. काचेपलीकडच्या बूथमध्ये ते अजूनही सरकत होते. पायाखालची फळी कुरकुरायची.

ते गेल्यावर मी श्वास कापायला बसले. मोकळ्या जागेत फळी आणखी एकदा कुरकुरली होती. मग माइकच्या अगदी जवळ कुणीतरी छाती भरून श्वास घेतला होता, गाण्याआधी घेतात तसा. पुढे सूर नव्हता. प्रत्येक गाण्यात तेच.

दुसऱ्या दिवशी दादांना ऐकवलं. ते घाबरले नाहीत, रडले.

"येते गं ती... पण गाणार कशी? मी माझ्या पट्टीत गातोय. तिची पट्टी काळी चार, माझ्याहून बरीच वर. तिला हे खाली पडतं."

"दादा, घशाचं ऑपरेशन झालंय तुमच्या. डॉक्टर वर गाऊ नका म्हणालेत ना? आवाज कायमचा जाईल."

"ठेवू कुणासाठी?"

मी म्युझिक तिच्या पट्टीत चढवलं. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हेडफोन काढून ठेवला. ऐकायची हिंमतच नव्हती. काचेतून फक्त त्यांच्या मानेच्या ताणलेल्या शिरा दिसत होत्या.

दादा बाहेर आले ते हसत. काहीतरी बोलले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डबा उचलला आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

ते गेल्यावर मी हेडफोन लावला. रेकॉर्डिंगमध्ये जाईच्या ओळी होत्या. सगळ्या, स्वच्छ. दादांच्याही होत्या, तरुण आवाजात. म्युझिक संपलं तरी ते दोघं गातच होते. मी काचेतून पाहिलं. बूथ रिकामा होता आणि माइक अजून चालू होता. आवाज तिथूनच येत होते.

तो मी बंद केलेला नाही. घरी जायची घाई कुणाला आहे? संध्याकाळी हेडफोन लावून बसते. भीती वाटते, पण सोबत होते.

काल मात्र दोघंही मध्येच थांबले. फळी कुरकुरली... परत कुरकुरली. दोघं बाजूला सरकले होते. माइकपुढे जागा मोकळी.

मी गाणारी नाही हो. मी काचेच्या अलीकडे, खुर्चीत, तोंडावर हात दाबून बसले होते. तरीही त्या माइकपुढे कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

श्वास ओळखण्यात माझा जन्म गेला. तो माझा होता.