देहवय

सोलापूरच्या देहवय प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी नाडकर्णी एका आलेखाकडे बराच वेळ पाहत बसल्या होत्या. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून इम्तियाज बागवानला बोलावले. संख्याशास्त्र ही त्याची बाजू होती.

"यंत्र बिघडलंय का, बघ जरा," त्या म्हणाल्या.

देहवयमापक शर्वरींनीच बनवला होता. माणूस जसा झिजतो तशा त्याच्या पेशींतल्या गुणसूत्रांवर खुणा उमटतात. या झीजखुणा रक्ताच्या एका थेंबात मोजता येतात, आणि त्यावरून शरीर खरोखर किती वर्षांचे झाले आहे ते कळते. शर्वरींचे जन्मवय त्रेचाळीस होते आणि देहवय एकोणचाळीस. पहिल्याच पाहणीत त्यांना खडी क्रशरवर काम करणारी रेणुका अलकुंटे भेटली. तिचेही जन्मवय त्रेचाळीसच होते. देहवय निघाले चौसष्ट.

त्या एका आकड्याने सरकार हलले. जे मजूर जन्मवयाच्या साठीपर्यंत जगतच नाहीत, त्यांना साठीनंतरचे निवृत्तीवेतन काय कामाचे? देहवय साठ झाले की निवृत्तीवेतन सुरू, असा कायदा झाला. दरवर्षी फेरतपासणी करावी, हे कलम शर्वरींनी स्वतः आग्रहाने घालून घेतले होते. जे पुन्हा मोजून पाहता येत नाही ते विज्ञान नव्हे, असे त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

इम्तियाजने आलेख खालीवर करून पाहिला. संशोधनासाठी शंभर निवृत्त मजुरांचे रक्त ते दर महिन्याला घेत असत.

"यंत्र ठीक आहे, मॅडम. काम सुटलं, हवा बरी मिळाली, पोटाला पुरेसं मिळालं, की खुणा पुसट होतात. हे आपल्याला माहीतच होतं. या रेणुकाबाईंचं देहवय छप्पन्नपर्यंत उतरलंय."

"आणि फेरतपासणीच्या दिवशी?"

"त्रेसष्ट. शंभरातल्या एक्याऐंशी जणांचं असंच आहे. वर्षभर उतरतं आणि फेरतपासणीच्या आधी महिनाभरात एकदम चढतं." तो थोडा थांबला. "हे आपोआप होत नाही, मॅडम. कोणीतरी चढवतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी रेणुकाच्या वस्तीवर गेल्या. रेणुका दारात ज्वारी निवडत बसली होती. तिने पोते अंथरले, पाणी दिले. आलेखाचे ऐकल्यावर तिने काही लपवले नाही.

"क्रशरवर जातो आम्ही, डॉक्टरबाई. तपासणीच्या आधी महिनाभर. तोंडाला फडकं न बांधता उभं राहायचं, जिथं धूळ जास्त तिथं."

"मजुरी करता?"

"काम करून घेतो मालक, मजुरी देत नाही. म्हणतो, धूळ फुकट देतोय ना तुम्हाला."

"रेणुकाताई, तुमचं शरीर सावरत होतं. आठ वर्षं मागं आलं होतं."

"सुनंदाचंबी आलं होतं," रेणुका म्हणाली. "माझी जाऊ. पहिल्या वर्षी घरी बसली, दम कमी झाला, अंगावर मांस आलं. आम्हाला वाटलं, बरं झालं. तपासणीत तिचा आकडा एकोणसाठ आला आणि पेन्शन बंद झालं. परत क्रशरवर गेली. दुसरं काम कोण देतंय आम्हाला? आठ महिन्यांत गेली. तवापासून बरं व्हायची भीती वाटती."

शर्वरी तशाच मुंबईला गेल्या. फेरतपासणीचे कलम रद्द करावे, एवढीच मागणी त्यांनी सचिवांपुढे ठेवली. सचिव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे ज्यांचं देहवय साठच्या आत आलंय, त्यांनाही वेतन चालू ठेवायचं?"

"वेतन चालू आहे म्हणूनच ते आत आलंय, साहेब. वेतन थांबलं की पुन्हा वर जाणार."

"पण मग शरीराची झीज हा निकषच राहत नाही. विधिमंडळाला मी काय सांगू? गरीब आहेत म्हणून द्या, असं? तसं सांगून वीस वर्षांत काही मंजूर झालं नव्हतं. तुमचा आकडा आला म्हणून झालं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि मुद्दाम धूळ खाणाऱ्यांची नावं तुमच्याकडे असतील, तर ती मला सांगू नका. सांगितलीत तर मला कारवाई करावी लागेल."

शर्वरींनी नावे सांगितली नाहीत. परत आल्यावर त्यांनी इम्तियाजला एक वक्र काढायला सांगितला: किती दिवस धूळ घेतली की देहवय किती चढते. कशासाठी, हे त्याने विचारले नाही. चार दिवस तो त्यांच्याशी कामापुरतेच बोलला आणि पाचव्या दिवशी वक्र टेबलावर ठेवून गेला.

पुढच्या फेरतपासणीला पाच आठवडे उरले असताना रेणुका प्रयोगशाळेत आली. चालताना तिला दम लागत नव्हता. गालांवर थोडी तुकतुकी होती.

"काही झालं का मुंबईला?" तिने विचारले.

"नाही."

रेणुकाने मान हलवली. तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. "मग सोमवारपासून जाते."

"बसा," शर्वरी म्हणाल्या. त्यांनी तिचे रक्त घेतले, मापकात घातले. आकडा आला पंचावन्न. निवृत्त मजुराचे एवढे उतरलेले देहवय त्या प्रयोगशाळेत कोणी पाहिले नव्हते. शर्वरींनी तो आकडा वक्रावर लावला, कागदावर दोनदा हिशेब केला आणि पेन खाली ठेवले.

"महिनाभर जायची गरज नाही. अकरा दिवस पुरतील. तपासणीच्या आधीचे अकरा. त्याहून एकही दिवस जास्त उभ्या राहू नका."

"अकरा," रेणुकाने बोटांवर मोजून घेतले. तिचा चेहरा उजळला. "मग लईच कमी झालं की, डॉक्टरबाई. वस्तीतल्या बायांना सांगू?"

"तुमचे अकरा त्यांना चालणार नाहीत," शर्वरी म्हणाल्या. "प्रत्येकीचे दिवस वेगळे निघतील. एकेकीला घेऊन या."